सिस्टर, एवढं एकदाच जाऊन येऊ का?

एप्रिल २०२१, पुण्यात करोनाची दुसरी लाट. या सदरासाठी या वेळी एकोणचाळीस पत्रं आली. पत्रं म्हणायचं आपलं. बहुतेक व्हॉट्सॲपवरचे निरोप, काही ई-मेल, आणि पोस्टाने आलेली फक्त दोन. त्यातलं एक चक्क निळ्या आंतर्देशीयावर. संपादकांनी सगळी एकत्र करून पाठवली. मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि वाचता वाचता कडेला पेन्सिलने एकच अक्षर लिहीत गेले: ‘ए’. ए म्हणजे ‘एवढं एकदाच’. एकोणचाळीसपैकी एकतीस पत्रांवर ‘ए’ पडला आहे. कोणाला एवढं एकदाच टेकडीवर जायचंय, कोणाला एवढं एकदाच बारशाला, कोणाला एवढा एकदाच केस कापायला न्हावी घरी बोलवायचाय. घरात राहावं हे सगळ्यांना पटलेलं आहे, पण ते शेजाऱ्याने. स्वतःपुरती सूट हवी आहे.

परवाने देणाऱ्या खिडकीवर मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होते, त्यातली शेवटची नऊ साथीच्या वॉर्डात. २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्यामुळे गोळ्यांची नावं मला विचारू नका, ते डॉक्टरांचं काम. आजारी माणूस कसा बघायचा आणि त्याच्याभोवती घर कसं लावायचं, तेवढं मला येतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा चालू आहे. २२ तारखेपासून नियम आणखी आवळले आहेत. किराणा-भाजी सकाळी ७ ते ११, पुढे सगळं बंद. कसब्यातल्या माझ्या खिडकीतून अकरानंतर रुग्णवाहिकांचे भोंगे तेवढे ऐकू येतात. एरवी दुपारी एक ते चार पेठा झोपायच्या, पण तेव्हाही कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी, कोणाचा तरी रेडिओ असायचा.

*प्रश्न : माझे वय ७१. कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस झाले आहेत. गेली २६ वर्षे मी रोज पहाटे पर्वती चढतो. मोकळ्या हवेत हा विषाणू पसरत नाही असे वाचनात आले. तर मग पहाटे साडेपाचला, आजूबाजूस कोणी नसताना, मी वर गेलो तर नेमके कोणाचे बिघडते? शासनाच्या आदेशात ‘अत्यावश्यक’ या शब्दाची व्याख्या पुरेशी स्पष्ट नाही, हेही निदर्शनास आणून देतो. – एक ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ*

शेवटचं वाक्य वाचल्यावर पेठ लिहिली नसती तरी कळली असती.

तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. मोकळ्या वाऱ्यात हा आजार बंद खोलीपेक्षा खूपच कमी लागतो. ‘लागतच नाही’ मात्र नाही. आणि खरं सांगा, २६ वर्षं तुम्ही एकटे चढताय? वर पोचल्यावर कट्ट्यावर चारपाच जण असणारच. त्यातल्या एकाला कमी ऐकू येतं, म्हणून सगळे जवळ सरकून मोठ्यांदा बोलतात. दुसऱ्याला दम लागलेला, म्हणून मास्क हनुवटीवर. उतरल्यावर अमृततुल्य, निदान परवापरवापर्यंत तरी. पर्वती मोकळी आहे हो, कट्टा मोकळा नाही.

आता दोन डोसांचं. दुसरा डोस एप्रिलमध्ये झाला असेल तर त्यावर दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, तेव्हा कुठे अंगाची तयारी पूर्ण होते. लस तुम्हाला ऑक्सिजनच्या बेडपासून बऱ्यापैकी लांब ठेवेल, पण तुमच्याकडून दुसऱ्याला लागायचं पूर्ण थांबेल असं नाही. घरात आणखी कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. मुलगा-सून पंचेचाळिशीच्या आतले असतील, तर त्यांना लशीची दारं १ मेपासून उघडणार आहेत. म्हणजे आज त्यांच्या अंगात काहीच नाही. पहाटे तुम्ही जे घेऊन याल ते आठ वाजता त्यांच्या चहाच्या टेबलावर येईल.

पर्वतीला १०३ पायऱ्या. तुमच्या इमारतीचे तीन मजले म्हणजे साठेक पायऱ्या होतात. दोनदा चढा-उतरा, पर्वती झाली आणि वर थोडी शिल्लकही राहिली. जिन्यात कोणी भेटेल, म्हणून मास्क लावून. गुडघे कुरकुरत असतील तर गच्चीत फेऱ्या. गच्ची सोसायटीची असेल तर वेळा वाटून घ्या. त्यावरून वाद होणार, हे मला माहीत आहे. तो व्हॉट्सॲपवर घाला.

*प्रश्न : दुधाची पिशवी, भाजी, वर्तमानपत्र यांचं काय करायचं? मी भाजी साबणाच्या पाण्यात घालते, पेपरला इस्त्री करते. – गृहिणी, सिंहगड रस्ता*

बाई, इस्त्री बंद करा, वीज वाचेल. भाजी नेहमीसारखी नळाखाली धुवा. साबण पोटात गेला तर ते वेगळंच दुखणं. वस्तूंवरून हा आजार लागण्याची शक्यता फार कमी, तो माणसाच्या श्वासातून लागतो. हात धुतले की झालं. दोडक्याला घाबरू नका, दोडक्याच्या गाड्याभोवती जमलेल्या चाळीस माणसांना घाबरा. इस्त्रीचा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडण्यात घालवा.

*प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. कंपनी हिंजवडीत, सध्या वर्क फ्रॉम होम. वाकडला टू बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो. परवा एक रूममेट पॉझिटिव्ह आला. ताप आणि खोकला आहे. बाथरूम दोन आहेत, पण एकाचा गीझर बंद आहे. घरमालक म्हणतात, पेशंटला गावी पाठवा. त्याचं गाव लातूरजवळ. आम्ही तिघांनी मिळून गाडीने सोडून यावं का? आणि रेमडेसिव्हिरचं इंजेक्शन आधीच मिळवून ठेवावं का? – एक वाचक, वाकड*

बाळा, पहिल्या प्रश्नाला नाही आणि दुसऱ्यालाही नाही. आता सावकाश सांगते.

लातूर सहा-सात तासांवर. एका गाडीत चार माणसं, त्यातला एक खोकणारा, काचा वर आणि एसी चालू. याहून चांगली सोय विषाणूलाही सुचली नसती. तिकडे त्याचे आईवडील साठीच्या पुढचे असतील, आणि वाटेत त्याला धाप लागली तर गाडी कुठे थांबवणार? जिल्ह्याबाहेर जायला सध्या बंदीही आहे. घरमालकांना हे उत्तर दाखव. पेशंट जिथे आहे तिथेच ठेवायचा असतो. आणि तुम्ही तिघं पॉझिटिव्ह नसलात तरी त्याच्या संपर्कातले आहात. दूध आणायलासुद्धा तुमच्यापैकी कोणी खाली जायचं नाही. शेजाऱ्यांना दाराशी ठेवायला सांगा.

ज्या खोलीला मोठी खिडकी आहे ती त्याची. खिडकी उघडी, दार बंद. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाईल. एक बाथरूम त्याला देऊन टाका, गीझर बंद असलेलं तुम्ही घ्या. एप्रिलच्या पुण्यात गरम पाण्यावाचून अडणारा मुलगा मला तसाही आजारीच वाटतो. ताट दाराशी ठेवायचं, ठेवणाऱ्याला मास्क, आणि दार उघडताना त्यालाही मास्क. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. आणि तुम्ही तिघं हॉलमध्ये एका लॅपटॉपभोवती आयपीएल बघत बसू नका. लागण झाल्यावर लक्षणं बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतात, कधी चौदा दिवसही लागतात, आणि ताप यायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. तुमच्यातला दुसरा पेशंट आत्ता त्या सोफ्यावर बसून सिक्सर बघत असेल.

आता वही. शंभर पानी घ्या, ॲप नको. पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं ते वर लिहा. रिपोर्ट आला तो दिवस नव्हे, अंग दुखायला लागलं तो दिवस. दिवस तिथून मोजायचे. मग रोज तीनदा ताप, नाडी आणि सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवर दिसणारं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण. ऑक्सिमीटर कसाही लावून घाबरणारी माणसं रोज फोन करतात, म्हणून तेही सांगते. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात टेबलावर टेकवायचा, बोटं गार असली तर चोळून गरम करायची, नेलपॉलिश किंवा मेंदी असलेलं बोट नको. आकडा नाचत असतो, तो एका जागी ठरला की लिहायचा. त्यानंतर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा बघायचं. ९४ किंवा त्याखाली गेला, किंवा चालल्यावर तीन-चार अंकांनी घसरला, तर लगेच डॉक्टरांना फोन आणि बेडची शोधाशोध सुरू. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ असं करायचं नाही. बेड मिळेपर्यंत त्याला पालथं झोपवा, पोटाखाली उशी देऊन. ऑक्सिजनला त्याने थोडी मदत होते.

हे इतकं बारकाईने का सांगतेय? आम्ही जुन्या नर्सेस पेशंटच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत आलो. दारातून बघितलं की कळायचं, याची रात्र कशी जाणार. या आजाराने ती विद्याच निकामी केली. सॅच्युरेशन ८८ आणि पोरगा फोनवर हसतोय, असं होतं यात. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत त्याच्या हसण्यावर जाऊ नका, वहीवर जा.

रेमडेसिव्हिर ही घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वस्तू नाही. रुग्णालयात, ऑक्सिजन लागणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर ती देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत तर तिने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. स्टिरॉइडची गोष्ट याच्या उलटी. ज्याला ऑक्सिजन लागतोय त्याचा जीव ते वाचवू शकतं, पण नुसता ताप असताना, मित्राच्या चिठ्ठीवर बघून पहिल्याच दिवसांत घेतलं तर अपायच व्हायचा.

आणि त्या इंजेक्शनच्या रांगेत कोण उभं असतं, ते जरा डोळ्यासमोर आण. पॉझिटिव्ह माणसाच्या घरातली माणसं! २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी अशाच रांगा लागल्या होत्या. साधी सर्दी झालेली माणसं खऱ्या पेशंटच्या पाठीला पाठ लावून तासन्‌तास उभी असायची. तेव्हापासून मला रांगेची जास्त धास्ती वाटते.

*प्रश्न : माझी आई चार घरी धुणंभांडी करते. महिन्याला सगळे मिळून सहा हजार मिळतात. आम्ही पर्वती पायथ्याला राहतो, संडास वस्तीत सामाईक आहे. तीन घरांनी येऊ नको म्हणून सांगितलं आणि पैसे बंद केले. चौथ्या घरच्या बाई म्हणतात, मागच्या दाराने ये, सोसायटीला कळू देऊ नको. आईला दोन दिवस कणकण आहे. ती म्हणते, सांगितलं तर हेही काम जाईल. मी बारावीला आहे. परीक्षा पुढे गेली आहे. मी काय करू? – एक विद्यार्थिनी*

पोरी, तुझ्या पत्रावर मी ‘ए’ लिहिला नाही.

आईला उद्या कामाला जाऊ देऊ नकोस. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात तपासणी फुकट होते, तिथे सकाळीच ने. दोघींनी नीट बसणारे मास्क लावा. पॉझिटिव्ह आली, तर घरी राहण्याचा हट्ट करू नका. एक खोली आणि सामाईक संडास असताना तिला घरात वेगळं ठेवणं कोणालाच जमणार नाही. पालिकेच्या कोविड केअर सेंटरमध्ये जेवण मिळतं, कोणीतरी रोज सॅच्युरेशन बघतं. जाताना मोबाइलचा चार्जर, रोजच्या गोळ्या, चादर, साबण आणि एक दोरी द्यायची, कपडे वाळत घालायला. दोरी सगळे विसरतात. तोपर्यंत संडासला गर्दी नसताना जायचं, मास्क काढायचा नाही, तिथे रांगेत गप्पा मारायच्या नाहीत.

पैशांचं. १३ एप्रिलला सरकारने जी मदत जाहीर केली त्यात नोंदणी झालेल्या घरकामगारांना १,५०० रुपये आहेत. आईची नोंदणी आहे का बघ. नसेल, आणि बहुतेकींची नसतेच, तर रेशनवर तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ माणशी मोफत आहेत, आणि शिवभोजन थाळी महिनाभर फुकट आहे. दीड हजारात घर चालत नाही, हे मला कळतं.

आता तू थोडा वेळ बाजूला बस. मला त्या चार घरांशी बोलायचंय. ती चार घरं हे वाचणाऱ्यांतच आहेत, नावाने नसली तरी.

तीन घरांनो, तुम्ही बाईंना येऊ नको म्हणालात ते योग्यच केलंत. पैसे का थांबवलेत? तुमच्या कंपनीने तुम्हाला घरी बसवलं तेव्हा पगार कापला का? गेल्या वर्षी २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, स्टीलची, आवाज बरा येतो. त्या थाळ्या एरवी कोण घासतं? एका घरामागे दीड हजार रुपये. घरपोच येणाऱ्या पार्सलांचा महिन्याचा हिशेब एकदा मांडून बघा.

आणि चौथ्या घरच्या बाई, मागच्या दाराने. तुम्हाला सोसायटीच्या सेक्रेटरींची भीती वाटते, आजाराची नाही, असं दिसतं. कणकण असलेली बाई उद्या तुमच्या ओट्याशी तासभर उभी राहिली असती. तिने तुम्हाला का सांगितलं नाही, याचा विचार करा. सांगायची किंमत तुम्ही फार मोठी ठेवली आहे. उद्या सकाळी तुम्हीच फोन करा आणि म्हणा, ‘पैसे पाठवतेय, बरं वाटेपर्यंत येऊ नका.’ ताई म्हणून बोला. एवढं एकदाच.

*प्रश्न : मुलीचं लग्न मेमध्ये आहे. गेल्या वर्षीपासून दोनदा पुढे ढकललं. आता २५ माणसं आणि दोन तासांची परवानगी आहे. पंचवीसची यादी झाली, पण सासूबाई म्हणतात, साताऱ्याच्या मावशींना न बोलावणं बरं दिसत नाही. एकच माणूस जास्त होतंय. सगळ्यांनी आरटीपीसीआर करून घेतली तर चालेल ना? – वधूची आई, कोथरूड*

ताई, नियमाचं दोन ओळींत सांगते. एकच हॉल, एकच कार्यक्रम, दोन तास, २५ माणसं. मोडलं तर दंड ५० हजार. साताऱ्याहून लग्नासाठी येता येणारच नाही, जिल्हा ओलांडायला दुखणं किंवा मर्तिक असं कारण लागतं. तेव्हा मावशींचा प्रश्न सरकारनेच सोडवला, तुमच्यावर बोल नाही.

पण मला टेस्टबद्दल बोलायचंय, आणि ते माझ्या घरातलं आहे.

फेब्रुवारीत आकडे खाली आले होते. रस्ते भरले होते, तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे म्हणत होते, गेलं बाई एकदाचं. मी नऊ वर्षं साथीच्या वॉर्डात काढलेली, मलाही वाटलं, गेलं. थोरल्या भावाकडे भाचीचं केळवण होतं. नऊच माणसं, सगळी घरची. भाच्याने दोनच दिवसांपूर्वी ऑफिससाठी टेस्ट केली होती, निगेटिव्ह. त्याने तो रिपोर्ट मोबाइलवर सगळ्यांना दाखवला आणि आम्ही मास्क पर्समध्ये ठेवले. अळूचं फदफदं, मसालेभात, जिलबी. भाचीला उखाण्याचा आग्रह, तिचं लाजणं, मग सगळ्यांनीच एकेक उखाणा घेणं. बाहेर रस्ता खणलेला होता. वाऱ्याबरोबर धूळ आत यायला लागली, तेव्हा मी उठले आणि दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. पानांत धूळ पडेल म्हणून. मीच.

चौथ्या दिवशी भाच्याला वास येईनासा झाला. सातव्या दिवशी वहिनीला ताप. नऊपैकी सहा जण. मला तीन दिवस अंगदुखी, बाकी काही नाही. वहिनी अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. ती घरी आली, याबद्दल मी रोज हात जोडते. पण अजून स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना तिला मध्ये खुर्चीवर बसावं लागतं. भावाने ती खुर्ची आता तिथेच कायमची ठेवली आहे. आजार कोणी आणला ते कळलं नाही. खिडक्या कोणी लावल्या ते सगळ्यांना माहीत आहे. वहिनी कधी बोलून दाखवत नाही. मी तिच्याकडे गेले की ती फोनवर बोलत असली तरी उठून आधी खिडकी उघडते.

टेस्ट म्हणजे त्या दिवशीच्या नाकाचा फोटो. सोमवारी शिरलेला विषाणू मंगळवारच्या नमुन्यात सापडेलच असं नाही, आणि गुरुवारी तोच माणूस लग्नात सगळ्यांना पेढे वाटत असतो. टेस्ट करू नका असं म्हणत नाही. तिच्या जोरावर मास्क पर्समध्ये ठेवू नका.

आणखी एक. तुम्ही लग्न दोन तासांचं धरताय. लग्न दोन तासांचं नसतं. लग्नाआधी चार केळवणं, दागिने आणायला सोनाराकडे तिघी, ब्लाउज ट्रायलला दोघी, हळदीला ‘आपल्याच बिल्डिंगमधल्या’ सहा जणी. पंचवीसची यादी तुम्ही केलीत, या बायकांची कुठे केलीत? मी तुमच्या जागी असते तर हॉल रद्द केला असता. इमारतीची गच्ची, सकाळची वेळ, वर मांडव नको, नुसतं कापड, चारी बाजू मोकळ्या. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, गुरुजी, अंतरपाट धरायला दोघं. त्यातल्याच एकाच्या दुसऱ्या हातात मोबाइल, सगळ्यांना घरबसल्या दाखवायला. झाली नऊ माणसं. मंगलाष्टकं फोनवर लावा. बंद हॉलमध्ये पंचवीस जणांनी ‘सावधान’ म्हणून गळा मोकळा करणं यासारखं असावधान काम दुसरं नाही. जेवण नातेवाइकांच्या घरी डब्याने पाठवा. साताऱ्याच्या मावशींना मात्र सासूबाईंनी स्वतः फोन करावा, तुम्ही नव्हे. मान त्यांचा आहे, राखायचाही त्यांनीच.

*प्रश्न : माझे वय ८४. माझ्या आजेसासूबाई सांगत, प्लेगमध्ये उंदीर पडला की लोक घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहत. आता तुम्ही सगळे म्हणता, घराबाहेर पडू नका. मग तेव्हाचे खरे की आताचे? नातू बँकेत जातो. घरी आल्यावर माझ्या खोलीत येत नाही, दारातूनच बोलतो. पूर्वी रात्री दूधपोळी खाताना माझ्याजवळ बसायचा. मला वाईट वाटते. – एक आजी, कसबा पेठ (आंतर्देशीय पत्राने)*

आजी, तुमच्या आजेसासूबाईंचंही खरं आणि आमचंही खरं. प्लेग उंदरांचा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळायच्या. म्हणजे रोग घरात, भिंतींच्या बिळांत असायचा, म्हणून घर सोडलं की माणूस वाचायचा. हा रोग माणसाच्या श्वासात आहे. म्हणून आता घर धरून बसायचं आणि दुसऱ्याचा श्वास टाळायचा. दोन्ही वेळा युक्ती एकच, रोग जिथे आहे तिथून लांब राहायचं. जागा तेवढी बदलली.

प्लेगचं आणखी एक तुम्ही ऐकलं असेल. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर पेठांतून घराघरांत शिरून पेशंट शोधायचे. लोकांचा त्या झडत्यांवर इतका राग की आजारी माणूस माळ्यावर लपवायचे. रँडला त्या जूनच्या २२ तारखेला गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या घातल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. लपवलेल्या पेशंटांचं कोणी बोलत नाही. आजही लोक रिपोर्ट लपवतात, आता सोल्जरांच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या भीतीने. आणि त्याच वर्षी सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला, त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यांना तिथेच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. बाहेर पडावं लागणारी माणसं तेव्हाही होती. आज वॉर्डातल्या मावशी आणि मामा रोज पडतात. माझ्याबरोबर काम केलेली एक मावशी रात्री ड्यूटीवरून आल्यावर मला फक्त एक अंगठा पाठवते, पोचले म्हणून. तुमचा नातू त्यांच्यातलाच. बँक बंद नाही, त्याला जावं लागतं. दिवसभर शंभर माणसांच्या समोर बसून तो घरी येतो, आणि तुमच्या दारात थांबतो. त्याला आत यावंसं वाटत नाही असं समजू नका.

लस घेतली नसेल तर त्याला सांगा, गर्दी नसेल अशी वेळ बघून तुम्हाला घेऊन जायला. खुर्चीवर बसून जायला लाजू नका.

दूधपोळीचं मी असं सुचवते. तुमच्या वाड्याला चौक आहे, असं पत्त्यावरून वाटतं. एका टोकाला तुमची खुर्ची, दुसऱ्या टोकाला त्याची. आपापली वाटी आपापल्या हातात. तुम्हाला कमी ऐकू येत असेल तर त्याला ओरडायला लावू नका. दोघांनी फोन कानाला लावा आणि समोरासमोर बसून बोला. लोक हसतील. हसू देत, वाड्यात आता आहेत तरी किती जण.

तुमचं आंतर्देशीय मी जपून ठेवलंय. हे उत्तर वेगळं लिहून पाकिटात घातलंय, तिकीटही लावलंय, कारण अंक तुमच्याकडे कधी पोचेल ते सांगता येत नाही. पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे, दीडशे पावलांवर. दूधवाला सकाळी सातला येतो, त्याच्या हाती देईन.